घाट उतरेपर्यंत

"घाट उतरेपर्यंत विचार कर, शालन," केरबामामा म्हणाले. "खाली कुंभारवाडी लागली की मला हो का न्हाई ते सांगायचं. लोकांना किती दिवस ताटकळत ठेवायचं?"

मी मागच्या सीटवर आडवी होते. पुढं बसले असते तर मामांनी वाटभर माझं डोकं खाल्लं असतं. म्हणून डोकं दुखतंय असं सांगून मागं गेले होते आणि मामींची शाल तोंडावर ओढून घेतली होती.

"काय वाईट हाय त्या पोरात?"

"वाईट काहीच नाही," मी शालीतून म्हणाले. "चांगलंही काही दिसलं नाही."

"सरकारी नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई, आणि काय दिसायला पायजे तुला?"

मामांना कसं सांगणार? मी एसटीच्या ड्रायव्हरची मुलगी. लहानपणी सुट्टी लागली की आबांच्या गाडीत, त्यांच्या शेजारी इंजिनाच्या गरम टपावर पोतं टाकून बसायची. गिअर कधी पडतो, कधी अडतो हे मला पाढ्यांच्या आधी कळायला लागलं. त्यामुळं पोलिसांच्या जीपवरचा ड्रायव्हर बघायला येणार म्हटल्यावर मी आपली हरखून गेले होते. सायरन वाजतोय, गाडी उधळलीय, धुरळा उडतोय, असलं काहीबाही मनात आणून बसले होते. आणि आला कोण? तर मान खाली घालून पोहे खाणारा हिंदुराव चौगुले. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी एक प्रश्न विचारला. म्हटलं, "गाडी किती जोरात पळवता?" त्यानं पोह्यातली मिरची बाजूला काढली, विचार केला आणि म्हणाला, "लागेल तेवढी."

माझ्या चुलतभावानं मग बाहेरून माहिती काढली. नाक्यावरचे शिपाई त्याला बैलगाडी म्हणत. नाव हिंदुराव आणि चाल बैलगाडीची. मी दोन दिवस हसत होते, आणि खरं सांगायचं तर थोडी रडलेही होते.

हा हिंदुराव नेमका याच घाटाच्या माथ्यावर, खिंडीतल्या नाक्यावर नेमणुकीला होता. आम्ही जाताना तो जीपला टेकून उभा असणार, मला बघणार आणि मान खाली घालणार. ते टाळायचं म्हणूनही मी शालीत होते. मामांच्या गाडीला मागं आणि बाजूला पडदे होते, मामींनी कशिद्याचे मोर काढलेले. त्यामुळं बाहेरून आतलं काही दिसत नसे.

खिंडीत देवाचं ठाणं आहे. तिथं गाडी थांबवून नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडचा माणूस घाट उतरत नाही. मामांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. तिचा सेल्फ गेला होता. एकदा बंद पडली की चार माणसं गोळा करून ढकलावी लागे. त्यामुळं मामा कुठंही उतरले तरी गाडी आपली धडधडत उभी असायची. त्यांनी चपला गाडीतच काढल्या, नारळ घेतला आणि खडकामागच्या पायऱ्या चढून गेले.

मी डोळे मिटून पडून राहिले. हो म्हणावं की नाही, याचा विचार करायचा होता. पण नाही म्हटल्यावर आबांना काय वाटेल याचाच विचार येत होता.

दार उघडलं, आपटलं आणि गाडी हिसका देऊन निघाली.

"फोडला एवढ्यात नारळ?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मामा कधी उत्तर द्यायचे राहत नसत. मी शाल बाजूला केली तर पुढं एक दाढी वाढलेला, मळकट शर्टातला माणूस स्टिअरिंगला मिठी मारून बसला होता. मी ओरडले. तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

"कोन हाय? कोन हाय मागं?"

"तू कोण? मामा कुठायत?"

"मला काय म्हाईत तुमचे मामा. खाली वाका ताई, माझ्या पाठीमागं पोलीस हायेत."

तेवढ्यात सायरन ऐकू आला. आयुष्यभर ऐकायची हौस होती तो सायरन, आणि ऐकायला मिळाला तो असा.

हा अंबादास. बार्शीकडचा. विहिरीवरचे पंप चोरल्याबद्दल त्याला शोधत होते. नाक्यावर एसटीची झडती सुरू झाली तसा तो पलीकडच्या खिडकीतून उडी टाकून पळाला आणि समोर चालू गाडी दिसली तशी आत शिरला. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की त्याला गाडी चालवता येत होती, घाट येत नव्हता.

"थांबव गाडी," मी म्हणाले. "मला उतरू दे आणि मग कुठं जायचं तिथं जा."

"थांबलो तर हाडं मोडतील माझी."

"पळालास तर माझीबी मोडतील."

त्याचं लक्ष नव्हतं. जीप आमच्या अगदी पाठीला आली होती. सायरन जवळ आला की हा घाबरून गाडी दाबायचा. वळण आलं की दोन्ही पाय गोळा करून ब्रेकवर उभा राहायचा. वळण सरलं की जीप परत मागं चिकटायची आणि हा परत दाबायचा. मी दोन्ही सीटच्या मधे हात रोवून बसले होते आणि माझ्या कानात आबांचा आवाज येत होता. ते नवीन ड्रायव्हर पोरांना म्हणायचे, घाटात गाडीला ब्रेक एकदाच मिळतो, तो जपून खर्च करायचा. ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर.

"कुठल्या गिअरमधी आहे?" मी विचारलं.

"आं?"

"गिअर कुठला टाकलायस?"

"न्यूट्रल हाय की. उताराला न्यूट्रल केली की जास्त पळती."

मामाही उतारावर तेच करायचे. पेट्रोल वाचतं म्हणायचे आणि गाडी सगळी ब्रेकवर उतरवायचे. म्हणजे ब्रेकचे लायनर आधीच झिजलेले. हँडब्रेक तर केव्हाच स्वर्गवासी झाला होता. त्यात आता हा बहाद्दर.

पुढच्या वळणाला त्याचा पाय पार खाली गेला. गाडी वळली, पण कठड्याच्या पांढऱ्या दगडांना घासून. पाठोपाठ तो वास आला. जळलेल्या रबराचा आणि लोखंडाचा मिळून येतो तसला, आंबूस आणि तिखट. घाटात वाढलेल्या माणसाला तो वास कुणी सांगावा लागत नाही.

"ब्रेक मऊ लागायला लागलाय, ताई," अंबादास म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

"तापलाय तो. आता जास्त दाबलास तर उरला आहे तोही जाईल."

"मग काय करू? हे मागचे तर अंगावर यायला लागलेत."

मी मागच्या काचेचा पडदा बोटभर सरकवला. जीप इतकी जवळ होती की तिच्या बॉनेटवरच्या माशा मोजता आल्या असत्या. नाक्यावरचे जगदाळे फौजदार कमरेपर्यंत बाहेर आले होते आणि हातातली काठी पुढं नाचवत होते. बाजूनं घे, आडवी घाल, असं ते ओरडत असावेत. आणि स्टिअरिंगवर हिंदुराव होता. पोहे खाताना होता तसाच, मान थोडी खाली.

मी एवढी घाबरले होते, पण मला त्याचा रागच आला. म्हटलं, माझ्या मागं सायरन लावून हाच यायचा होता. आता आडवी घालेल, आम्ही जाऊन आदळू, आणि मामांना माझा हो-नाही काहीच कळायचं नाही.

जीप बाजूला निघाली. तिचं तोंड आमच्या मागच्या चाकापर्यंत आलं. अंबादासनं "मेलो" म्हणून डोळे मिटले. मी त्याच्या डोक्यात टपली मारून ते उघडायला लावले.

आणि जीप मागं गेली.

हळूहळू नाही, एकदमच. आधी बाजूची मागं आली, मग लांब राहिली, मग सायरन बंद झाला. घाटात इतकं शांत झालं की आमच्या गाडीची खडखड ऐकू यायला लागली. पुढच्या वळणावरून मी वर बघितलं तर जीप पार वरच्या टप्प्यावर, वरातीतल्या गाडीसारखी सावकाश येत होती.

तेव्हा मला एकदम कळलं. मामांनी नाक्यावर सांगितलं असणार. शालन आत आहे, माझी भाची आहे. ते वायरलेसवरून ह्याला कळलं म्हणून ह्यानं गाडी मागं घेतली. फौजदार शेजारी बसून शिव्या देत असणार आणि हा माझ्यासाठी ऐकून घेतोय. माझ्या अंगावर काटाच आला. इतका जीव धोक्यात असताना माणसाला आनंद होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"गेले का?" अंबादासनं विचारलं.

"गेले. आता घाबरू नको आणि मी सांगते तसं कर. ट्रॅक्टर चालवलायस का कधी?"

"चालवलाय. पन सपाटीवर."

"डबल क्लच ठाऊक आहे?"

"हाय."

मी साडी खोचली आणि मधून पुढच्या सीटवर उतरले. त्या गाडीला गिअरची दांडी स्टिअरिंगलाच होती. ती मी धरली. त्याला म्हटलं, तू नुसता रस्ता बघ, मी म्हणेन तेव्हा पाय हलव, दांडी माझी.

"क्लच दाब. सोड. आता रेस दे. अजून दे, भिऊ नको. परत क्लच."

पहिल्यांदा दाते नुसते करकरले आणि दांडी माझ्या हातातून झटकली गेली. गाडी आणखी पळायला लागली. पुढं वळण दिसत होतं आणि त्या वळणातून एसटी वर चढत होती. आबांच्याच डेपोची असणार. खिडक्यांतून माणसं डोकी काढून बसलेली, टपावर कोंबड्यांच्या डालग्या बांधलेल्या.

"ताई," अंबादास म्हणाला.

"डोंगराच्या अंगाला घे. गटारीत चाक गेलं तरी चालेल. आणि परत एकदा. क्लच. सोड. रेस. क्लच."

या वेळी मी दांडी ओढली नाही, नुसता हात ठेवून तिची वाट बघितली. आबा तसंच करायचे. म्हणायचे, गिअर मागून घ्यायचा, हिसकावून नाही. तिसरा पडला. गाडीनं असा आचका दिला की माझं कपाळ काचेला लागलं. पण इंजिन ओरडायला लागलं आणि वेग तुटला. एसटी आमच्या बाजूनं इतकी जवळून गेली की तिचा कंडक्टर मला अजून आठवतो. त्याच्या तोंडात पान होतं.

मग दुसरा टाकला. दुसऱ्यात गाडी कुरकुरत, नाखुशीनं, पण माणसासारखी उतरायला लागली. मी अंबादासला बोलतं ठेवलं. म्हटलं, घरी कोण आहे? तर म्हणाला, आई आहे, आणि बायको माहेरी गेलीय, चोरीच्या नादाला लागलो म्हणून.

"बरोबर केलं तिनं," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "बराबरच केलं."

घाट संपला तिथं डाव्या हाताला कुंभारवाडीची वाट वर चढते. मी त्याला तिकडं वळवायला लावलं. चढावर गाडी दमत दमत थांबली आणि थांबल्या थांबल्या मागं घरंगळायला लागली. मी उडी मारली आणि कुंभारांच्या भट्टीपाशी पडलेला एक दगड मागच्या चाकाखाली ढकलला. गाडी दगडावर टेकली आणि बंद पडली.

आता तिला ढकलायला चार माणसं लागणार, एवढंच माझ्या मनात आलं.

अंबादास आतच बसून होता.

"पळ की आता," मी म्हणाले. खरंच म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही.

"पाय चालत न्हाईत, ताई."

कुंभारणीनं एक तांब्या पाणी आणून दिलं. आधी मी प्यायले, मग त्याला दिलं. तो ते पितच होता तेवढ्यात जीप आली, सायरन नाही की काही नाही, भाजी घेऊन परतल्यासारखी. जगदाळे फौजदारांनी उडी टाकून अंबादासची गचांडी धरली, पण त्यांचं तोंड मागं हिंदुरावकडंच होतं.

"तुला बघतोच मी, चौगुले. मागं राहा म्हणून कुणी सांगितलं होतं तुला? निसटला असता म्हणजे?"

"घाटाला मधे फाटा कुठाय, साहेब?" हिंदुराव म्हणाला. "खालीच येणार होता तो. मागनं रेटला असता तर गाडीतनं आला नसता, एवढंच."

"आणि खाली येऊन कुणाला उडवलं असतं तर?"

"म्हणून तर त्याला भेडवायचं नव्हतं."

तोवर फौजदारांनाही तो वास आला. मग ते अंबादासलाच झापायला लागले.

हिंदुराव थेट आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी जाऊन बसला. हात न लावता तळवा जवळ नेऊन त्यानं धग बघितली आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मग उठताना त्याला दगडाशी उभी असलेली मी दिसले. माझे केस सुटलेले, साडी खोचलेली, कपाळावर टेंगूळ.

त्याच्या तोंडचा रंग उडाला.

"तुम्ही? तुम्ही इथं कशा?"

मला वाटलं, लोकांसमोर लाजून नाटक करतोय.

"कशा म्हणजे? ह्याच गाडीतून आले."

"आत होता तुम्ही? पहिल्यापासनं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हाई." त्यानं गाडीकडं बघितलं, मामींच्या मोरांच्या पडद्यांकडं बघितलं. "मी आत बघितलंच न्हाई. चाकाकडं बघत होतो. चाकातनं धूर निघाला, वास आला, तसा मागं राहिलो."

"मग मागं कुणासाठी राहिलात?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं पोह्याच्या वेळी केला तसा विचार केला.

"चालवणारा होता की आत," तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मला आधी वाईटच वाटलं. अर्धा घाट मी मनातल्या मनात नुसती मिरवत उतरले होते. माझ्यासाठी, माझ्यासाठी, असं करत. आणि याला मी आत आहे याचा पत्ताच नव्हता. त्यानं शिव्या खाल्ल्या होत्या त्या एका पंपचोरासाठी. मी तिथंच दगडावर बसले. हिंदुराव कुंभारणीकडून पाणी आणायला गेला. पाण्यात रुमाल बुडवून त्यानं तो माझ्या हातात दिला, कपाळाला लावा म्हणाला, आणि परत चाकाशी जाऊन बसला. ब्रेक निवल्याशिवाय गाडीला कुणी हात लावू नका, असं आजूबाजूच्या पोरांना सांगायला लागला. पलीकडं अंबादास जीपला टेकून उभा होता, धडधाकट, दोन पायांवर. मी त्याच्याकडं बघितलं, मग हिंदुरावकडं बघितलं. आणि तो ओला रुमाल कपाळावर धरून बसल्या बसल्या माझ्या मनातलं सगळं वाईट वाटणं कुठल्या कुठं गेलं. माझ्यासाठी म्हणून कुणीही थांबलं असतं. मी असले काय नसले काय, जो थांबतो, त्याच्या शेजारी बसून कुठलाही घाट उतरता येईल, असं वाटलं.

थोड्या वेळानं एका लॉरीतून मामा उतरले, अनवाणी. छातीशी नारळ तसाच धरलेला. ते पायऱ्या उतरून आले तर ना गाडी ना भाची, आणि नाक्यावर एकुलती एक जीप तीही गेलेली. लॉरीवाल्याच्या हातापाया पडून आले होते. मला बघून ते मटकन खाली बसले आणि रडायला लागले.

"मामा, रडू नका. घाट उतरले मी."

"व्हय गं बाई, उतरलीस."

"मग विचारा की."

"काय विचारू?"

"खाली आलं की विचारणार होता ते."

मामांना काही उमगेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग चाकाशी बसलेल्या हिंदुरावकडं. हिंदुराव उठून उभा राहिला, टोपी काढली आणि परत घातली.

"कळवून टाका त्यांना," मी म्हणाले. "हो म्हणून."

जगदाळे फौजदार तोवर अंबादासला जीपमध्ये चढवत होते. ते थांबले. "चौगुले," ते म्हणाले, "घाटात तेवढा मागं राहिलास. हितं मागं राहू नको." आणि पहिल्यांदाच हसले.

मामांनी तो नारळ चाकाखालच्या दगडावर फोडला. देव वर राहिला होता, पण त्याला खाली दिसत असणारच, असं कुंभारीण म्हणाली. सगळ्यांना खोबरं वाटलं. अंबादासच्या एका हाताला बेडी होती, त्याच्या दुसऱ्या हातावर मी मोठा तुकडा ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि खाल्ला.

आता हिंदुराव निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गाडी अजून तशीच चालवतात. मागून पोरं हॉर्न वाजवत पुढं जातात, मी म्हणते, "दाबा की जरा," ते म्हणतात, "लागेल तेव्हा." आमच्या नात्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लग्नाकार्यात कुणीतरी ती सांगायला बसतंच, आणि दरवेळी तिला तिखटमीठ लागतं. होणारी बायको आत आहे हे कळलं आणि पठ्ठ्यानं फौजदाराचा हुकूम मोडला, असं सांगतात. नव्या सुना डोळे मोठे करून ऐकतात.

ह्यांना ते सहन होत नाही. मान खाली घालून बसलेले असतात, ती वर करतात आणि म्हणतात, "तसं न्हाई बाबांनो. ही आत होती हे मला म्हाईतच नव्हतं."

सगळे हिरमुसतात. कुणीतरी म्हणतं, "आजोबा, एवढं कशाला खरं सांगायचं?"

इतक्या वर्षांत त्या गोष्टीतलं मला ह्यांचं तेवढंच एक वाक्य ऐकायचं असतं. ते ऐकलं की मी चहा टाकायला उठते.